नोकरी सुटताना आरोग्यविम्याचा विचार

खासगी क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माणसाला राजीनाम्याच्या किंवा निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे यांचा हिशेब तोंडपाठ असतो. नोकरीबरोबर मिळालेला आरोग्यविमा मात्र या हिशेबात क्वचितच येतो. त्यासाठी पगारातून फारसे काही कापले जात नसल्याने तो विमा आपल्याला आहे, ही जाणीवच पुसट झालेली असते. घरात कोणी आजारी पडले, रुग्णालयाच्या खिडकीवर कार्ड दाखवले आणि काम झाले, एवढाच त्याच्याशी संबंध. नोकरी सुटल्यावर दोनचार महिन्यांनी पुन्हा त्या खिडकीपाशी उभे राहण्याची वेळ येते, तेव्हा ते कार्ड चालत नसल्याचे कळते.

या विम्याचा करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात झालेला असतो. कर्मचारी हा त्यातील लाभार्थी. पॉलिसीचा धनी नव्हे. सबब नोकरीचा शेवटचा दिवस मावळला की बहुतेक ठिकाणी विमाही त्याच दिवशी संपतो. काही मालक महिनाअखेरपर्यंत नाव ठेवतात, एवढाच फरक. त्यातून सामूहिक पॉलिसी सहसा उदार असते. जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण, वृद्ध आईवडिलांचा समावेश, वैद्यकीय तपासणीविना प्रवेश, हे सारे संख्येच्या बळावर मिळालेले असते. उमेदीच्या वयातील दोनशे कर्मचाऱ्यांच्या जोडीला चाळीस वृद्ध पालक आले तर विमा कंपनीला ते परवडते. त्या चाळिसांपैकी एखादे पालक एकटे कंपनीच्या दारात गेले की हिशेब पार बदलतो.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पुण्याजवळच्या एका कारखान्यात लेखाविभागात २० वर्षे काढलेले ५३ वर्षांचे गृहस्थ. विभाग बंद होणार असल्याने त्यांना तीन महिन्यांची सूचना मिळाली आहे. पुढे इचलकरंजीला चुलतभावाच्या धंद्यात भागीदारी करण्याचा विचार आहे. त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. पत्नीला पित्ताशयात खडे असल्याचे निदान झाले आहे; शस्त्रक्रिया ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून पुढे ढकललेली. मुलगी शिकते आहे आणि ७४ वर्षांच्या मातोश्री सोबत राहतात. कारखान्याच्या पॉलिसीत या चौघांना मिळून ५ लाखांचे संरक्षण आहे. धंद्यात पहिली दोन वर्षे उत्पन्न किती राहील, याचा भरवसा नाही. म्हणजे ज्या काळात विम्याची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच काळात हप्ता भरण्याची ताकद सर्वांत कमी.

अशा वेळी बहुतेक जण ओळखीच्या एजंटाला फोन करून नव्या पॉलिसीचा दर विचारतात. वास्तविक त्याआधी एक गोष्ट करायची असते आणि ती करण्याचा काळ नोकरी सुटण्यापूर्वीचा आहे. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या सभासदाला आणि त्यात समाविष्ट असलेल्या त्याच्या कुटुंबीयांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाण्याची सोय विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘इर्डाई’च्या नियमांत आहे. तिला मायग्रेशन म्हणतात. कार्मिक विभाग, ज्याला आता सर्वत्र एचआर म्हणतात, ही माहिती आपणहून देतोच असे नाही. नोकरी सोडणाऱ्याने ना-हरकत दाखल्यांच्या यादीत हे एक काम स्वतःच लिहून घ्यावे.

या सोयीचे मोल समजण्यासाठी प्रतीक्षाकाळ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली की अपघात वगळता पहिले ३० दिवस आजारपणाचा दावा सहसा मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, पित्ताशयातील खडे, सांधेरोपण अशा ठरावीक उपचारांसाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी पूर्वी कमाल ४८ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ ठेवता येत असे. १ एप्रिल २०२४ पासून तो कमाल ३६ महिने झाला आहे. वरील गृहस्थांनी नोकरी सुटल्यावर कोरी पॉलिसी घेतली, तर मधुमेहातून उद्भवणाऱ्या आजारांना तीन वर्षे आणि पत्नीच्या शस्त्रक्रियेला दोन वर्षे संरक्षण नाही, अशी स्थिती होऊ शकते. मायग्रेशन केल्यास सामूहिक पॉलिसीत सलग काढलेली वर्षे या प्रतीक्षाकाळातून वजा होतात. सलग तीन वर्षांहून अधिक काळ तीत असलेल्या माणसाचा प्रतीक्षाकाळ त्यामुळे संपल्यातच जमा होतो. मात्र ही वजावट जुन्या विमा रकमेपुरतीच मिळते. नवी पॉलिसी १० लाखांची घेतली, तर वरच्या ५ लाखांसाठी घड्याळ शून्यापासून सुरू होते.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली, सामूहिक पॉलिसीचा दर आणि तिच्या सवलती सोबत येत नाहीत. वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता वयानुसार लागतो आणि तो पाहून धक्का बसतो. दुसरी, अशा अर्जावर प्रकृतीची छाननी करण्याचा अधिकार कंपनीला आहे. ती तपासण्या सांगू शकते, हप्ता वाढवू शकते, प्रसंगी नकारही देऊ शकते. पण नकार लेखी आणि सकारण असला पाहिजे. म्हणूनच अर्ज वेळेवर व लेखी करावा, पोच घ्यावी. कारखान्याकडून विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाकोणाची नावे समाविष्ट होती, याचे पत्र घ्यावे. मालकाने मधल्या काळात विमा कंपनी बदलली असेल, तर आधीच्या वर्षांचे दाखलेही मागावेत. सेवेत असताना जी कागदपत्रे एका निरोपात मिळतात, त्यांसाठी नंतर महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

कंपनी पसंत नसली तरी पहिले वर्ष तिच्याकडेच काढणे सहसा शहाणपणाचे ठरते. एकदा वैयक्तिक पॉलिसी हाती आली की पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी, जमा झालेल्या प्रतीक्षाकाळासह, दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. ही पोर्टेबिलिटीची सोय ऑक्टोबर २०११ पासून आहे. त्यासाठीचा अर्ज नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान ४५ दिवस करणे इष्ट.

आता परवडण्याचा प्रश्न. सर्वांत मोठी उधळपट्टी चारही माणसांना एकाच फ्लोटरमध्ये घालण्यात होते. फ्लोटरचा हप्ता साधारणतः त्यातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या वयावर ठरतो. ७४ वर्षांच्या मातोश्रींचे नाव त्यात आले की मुलीच्या वाट्याचा भारही त्या वयाच्या दराकडे ओढला जातो. पती, पत्नी आणि मुलगी यांचा एक फ्लोटर व मातोश्रींची स्वतंत्र व्यवस्था, हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो. शिवाय मातोश्रींच्या दीर्घ आजारपणात सगळ्यांची विमा रक्कम संपून जाण्याचा धोकाही टळतो.

मातोश्रींच्या बाबतीत २९ ऑक्टोबर २०२४ पासून एक मोठा आधार उपलब्ध आहे. आयुष्मान भारत योजनेत त्या दिवसापासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. वय आधार कार्डावरून धरले जाते आणि आयुष्मान वय वंदना नावाचे कार्ड मिळते. खासगी विमा असला तरी हे कार्ड घेता येते. एका घरात सत्तरीपुढील दोघे असल्यास ५ लाखांची रक्कम दोघांत मिळून असते. उपचार मात्र योजनेशी संलग्न रुग्णालयातच घ्यावे लागतात. नेहमीचे डॉक्टर तेथे असतीलच असे नाही. सुस्थितीतील घरांत या कार्डाविषयी एक अनाठायी संकोच दिसतो. ‘सरकारी योजना आपल्यासाठी नाही’ असे म्हणणाऱ्या मंडळींनी आपल्या गावातील संलग्न रुग्णालयांची यादी एकदा तरी पाहावी.

महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही अशीच दुर्लक्षित राहते. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली. २०२४ पासून तिचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख असे वाढले असून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ती खुली झाली आहे. ती ठरावीक उपचारांपुरती आणि संलग्न रुग्णालयांपुरती आहे, त्यामुळे खासगी विम्याची जागा ती पूर्णपणे घेऊ शकत नाही. पण हप्ता परवडत नसलेल्या वर्षी हातात काहीच नसण्यापेक्षा शिधापत्रिका अद्ययावत असणे फार मोलाचे. पुणे सोडून इचलकरंजीला जाणाऱ्या कुटुंबाने शिधापत्रिकेचे स्थलांतर म्हणूनच लांबणीवर टाकू नये.

उरलेल्या तिघांसाठी किती रकमेचा विमा घ्यावा? २० लाखांची एकच पॉलिसी महाग पडते. त्याऐवजी ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ५ लाखांच्या वजावटीनंतर सुरू होणारी १५ लाखांची सुपर टॉप-अप, ही जोडी बऱ्याच कमी हप्त्यात मिळते. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या दोन नावांत मात्र गल्लत होता कामा नये. समजा, एका वर्षात दोनदा रुग्णालयात जावे लागले आणि प्रत्येक वेळी ४ लाख खर्च आला. मूळ पॉलिसी पहिल्या वेळी ४ आणि दुसऱ्या वेळी १ लाख देऊन संपली. साधी टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे मोजते. दोन्ही बिले ५ लाखांच्या आत असल्याने ती काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षभराचा एकूण खर्च, म्हणजे ८ लाख, विचारात घेते आणि उरलेले ३ लाख देते. हप्त्यातील फरक लहान असतो, परिणामातील फरक मात्र ३ लाखांचा.

ज्यांची नोकरी अजून चालू आहे, त्यांच्यासाठी याच सुपर टॉप-अपचा एक अधिक चांगला उपयोग आहे. मालकाचा विमा ५ लाखांचा असेल, तर तेवढ्याच वजावटीची सुपर टॉप-अप आजच स्वतःच्या नावाने घ्यावी. ती घेण्यासाठी स्वतःची मूळ पॉलिसी असणे आवश्यक नसते. पंचेचाळिशीत, प्रकृती धड असताना ती सहज मिळते आणि तिचा प्रतीक्षाकाळ नोकरीतच संपून जातो. मग नोकरी कोणत्याही कारणाने सुटो, एक पॉलिसी तरी आपल्या मालकीची राहते.

हप्ता कमी करण्याच्या इतर वाटांमध्ये डोळसपणा हवा. काही कंपन्या शहरानुसार दर लावतात. लहान गावातील रहिवाशाला हप्ता कमी, परंतु महानगरात उपचार घेतल्यास बिलाचा काही भाग त्याने सोसायचा, अशी अट असते. इचलकरंजीच्या पत्त्यावर घेतलेल्या पॉलिसीवर पुण्यातील शस्त्रक्रिया झाली तर काय, हे आधीच विचारावे. इर्डाईने १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना समान अटींवर विकायला लावलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही साधी पॉलिसी अनेकांना पुरेशी ठरते. तीत प्रत्येक दाव्यातील ५ टक्के विमाधारकाने भरायचे असतात आणि खोलीचे भाडे विमा रकमेच्या २ टक्के, तेही दिवसाला कमाल ५,००० रुपये, एवढेच ग्राह्य धरले जाते.

खोलीभाड्याच्या या अटीकडे पाहून ‘वरचे हजार-दोन हजार आपण भरू’ असे पुष्कळांना वाटते. हा समज फार महागात पडतो. समजा पॉलिसीत दिवसाला ३,००० रुपयांची खोली मान्य आहे आणि रुग्ण ६,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला. खोलीचे ३०,०००, शल्यचिकित्सक, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा यांचे १ लाख आणि औषधे, तपासण्या, बसवलेली उपकरणे यांचे ७०,००० असे एकूण बिल २ लाखांचे झाले. खोली दुप्पट भाड्याची घेतल्याने पहिल्या दोन्ही बाबी निम्म्या केल्या जातात. औषधे, तपासण्या व उपकरणे यांना ही कपात लागू नाही. हाती येतात १५,०००, ५०,००० आणि ७०,००० मिळून १ लाख ३५,०००. खोलीपोटी वरचे १५,००० जातील असे गृहीत धरणाऱ्या घराला प्रत्यक्षात ६५,००० भरावे लागतात. अशा पॉलिसीत हप्ता वाचवला असेल, तर खोलीही तिच्या मर्यादेतलीच घ्यावी.

हप्त्याच्या बाजूने एक अनुकूल बदल अलीकडे झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. सामूहिक पॉलिसींना ही सूट नाही. वय ६० पूर्ण झालेल्यांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करायची असल्यास कंपनीने आधी इर्डाईशी विचारविनिमय केला पाहिजे, असे बंधन ३० जानेवारी २०२५ रोजी आले. आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील प्राप्तिकराची वजावट मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली स्वीकारलेल्यांनी ती हिशेबात धरू नये.

ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या आत असून कर्मचारी राज्य विमा योजनेत ज्यांची वर्गणी जात होती, त्यांच्यासाठी एक तरतूद जवळजवळ अज्ञात आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून सेवानिवृत्त झालेल्या व्यक्तीला स्वतःसाठी व जोडीदारासाठी वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. आपल्या दुकानांत, गोदामांत, कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या वृद्ध कामगारांना हे सांगण्याचे काम मालकांनी आवर्जून करावे.

समाजाच्या संस्थांनी सभासदांसाठी घेतलेल्या सामूहिक पॉलिसींचा विषय येथे टाळता येणार नाही. त्यांनी असंख्य घरांना हात दिला आहे आणि वयस्कांना सहसा न मिळणारे संरक्षण मिळवून दिले आहे. परंतु त्यांचे स्वरूप मालकाच्या पॉलिसीहून वेगळे नाही. करार एका वर्षाचा, वाटाघाटी संस्थेच्या हाती आणि दावे वाढले की पुढील वर्षी हप्ता वाढणार किंवा अटी कडक होणार. बँकांतील निवृत्तांना हा अनुभव आहे. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये सामूहिक विमा आला. हप्ता ज्याचा त्याने भरायचा. पुढे तो इतका वाढत गेला की उतारवयात अनेकांनी विमा रक्कम कमी केली, काहींनी तो सोडूनच दिला. तेव्हा संस्थेची पॉलिसी जरूर घ्यावी, पण स्वतःची लहानशी का होईना, वैयक्तिक पॉलिसी बंद करून नव्हे. सभासदाने आपल्या नावाचे विमा प्रमाणपत्र दरवर्षी मागून घ्यावे. संस्थेची योजना बंद पडल्यास मायग्रेशनसाठी तेच उपयोगी पडते.

प्रस्तावपत्र भरताना काही एजंट ‘साखरेचे लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला देतात. तो मानणाऱ्याचा दावा पहिल्याच मोठ्या आजारात अडतो, कारण रुग्णालयाच्या कागदांत ‘मधुमेह, सहा वर्षे’ अशी नोंद डॉक्टरांनी केलेलीच असते. ६० महिने पॉलिसी सलग चालल्यानंतर कंपनीला सहसा जुन्या माहितीवर आक्षेप घेता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तेथेही माफी नाही. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. या मुदतीत आजारांची नोंद, जुन्या वर्षांची वजावट आणि सर्व नावे बरोबर छापली आहेत की नाहीत, हे चष्मा लावून वाचावे.

आणि दावा किंवा अर्ज अन्यायाने नाकारला गेला तर? प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या प्रकरणांत निवाडा देण्याचा अधिकार लोकपालाला आहे. मुंबई व पुणे येथे ही कार्यालये आहेत. तक्रारीसोबत सामूहिक पॉलिसीतील वर्षांचे पत्र आणि मायग्रेशनच्या अर्जाची पोच जोडावी. पोचेवरची तारीख नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधीची असेल, तर प्रकरण मांडणे पुष्कळ सोपे जाते.